हाडासाठी आधारजाळी आणि तिच्या पृष्ठभागावरील संस्कार



आपल्या वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचे निवेदन यांच्या जोडीने एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या भाषेत ओळख करून देण्याची प्रथा आहे. यंदा हाडांचा विषय निवडण्यास तसेच कारण आहे. अस्थिरोग विभागाबाहेर बसलेले नातेवाईक हल्ली मोबाईलवरील एखादी चित्रफीत दाखवून विचारतात, ‘साहेब, आता म्हणे हाड प्रयोगशाळेत तयार होते, मग आमच्या माणसाला ते का बसवत नाहीत?’ काही देणगीदारांनीही अशा सुविधेस किती खर्च येईल, अशी आस्थेने विचारणा केली आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. प्रस्तुत लेखक वैद्य नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा शास्त्रीय बाबी सामान्य माणसास उमगतील अशाच रीतीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हाड स्वतःच भरून येते. पण सदैव नाही

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त खनिजाचा असून उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन व पाणी असते. खनिजामुळे कठीणपणा येतो, तर कोलॅजनमुळे चिवटपणा. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. जुने हाड विरघळविणाऱ्या आणि नवे हाड घडविणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी त्यात आयुष्यभर कामास जुंपलेल्या असतात. म्हणूनच मोडलेले हाड नीट बसवून स्थिर ठेवले, तर ते आपोआप सांधते आणि कालांतराने त्यावर व्रणही उरत नाही.

मात्र ह्या शक्तीस मर्यादा आहे. दोन टोकांमधील हाडच नाहीसे झाले आणि ती पोकळी दोन-तीन सेंटिमीटरांहून मोठी असली, तर शरीर ती आपणहून भरून काढू शकत नाही. मग तेथे हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती वाढते आणि अवयव कायमचा अधू होतो.

चिमूर, नागभीड, सिंदेवाही ह्या परिसरात आणि पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात अशी वेळ कोणकोणत्या वाटांनी येते, हे सांगणे अवश्य आहे. पहिली वाट अपघातांची. दुचाकीच्या अपघातात नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर येते, जखमेत माती जाते, पू होतो आणि सडलेला तुकडा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. दुसरी वाट सिकलसेल आजाराची. विदर्भाच्या ह्या भागात हा आनुवंशिक आजार घरोघरी ठाऊक आहे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. मांडीच्या हाडाच्या खुब्याकडील गोलकास रक्त मिळेनासे झाले की तेथील हाड मरते, आणि ऐन पंचविशीतील तरुण लंगडू लागतो. तिसरी वाट खर्ऱ्याची. तोंडाच्या कर्करोगात अनेकदा जबड्याचा भाग काढून टाकावा लागतो. त्यानंतर चावणे, बोलणे आणि चारचौघांत वावरणेही अवघड होते.

आज उपलब्ध असलेले उपाय

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाचे स्वतःचेच हाड. कमरेच्या हाडाच्या कडेचा तुकडा किंवा भुगा काढून पोकळीत भरतात. त्यात जिवंत पेशी असतात आणि शरीर त्यास परके मानीत नाही. जबड्यासाठी पायातील पोटरीच्या बाजूचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून जोडण्याची शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रांत होते. परंतु अशा हाडाचा साठा मर्यादित असतो. शिवाय एक जखम भरण्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि तिची वेदना काही वेळा मूळ जखमेपेक्षा अधिक काळ टिकते.

दुसरा उपाय दात्याच्या हाडाचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली. तेथे दान मिळालेल्या ऊतींवर प्रक्रिया करून त्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात. अशा हाडात जिवंत पेशी नसतात, ते केवळ चौकट पुरविते.

तिसरा उपाय हाडातील खनिजाशी साम्य असलेल्या कृत्रिम दाण्यांचा, म्हणजे सिरॅमिकचा. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने असे साहित्य आपल्या देशात विकसित केले आहे. हे दाणे हाडाशी चांगले जुळतात, पण ठिसूळ असल्यामुळे भार पेलणाऱ्या जागी एकटे पुरे पडत नाहीत. धातूच्या पट्ट्या व सळया आधार देतात, तथापि त्या स्वतः कधीच हाड होत नाहीत.

आधारजाळी म्हणजे काय

इमारत बांधताना गवंडी बांबूची परांची उभारतात. तिच्यावर उभे राहून भिंत रचली जाते आणि काम पूर्ण होताच परांची उतरविली जाते. हाडाच्या बाबतीत हेच करावे, असा विचार पुढे आला. पोकळीच्या आकाराची सच्छिद्र जाळी घडवावी, तिच्यावर पेशींनी वस्ती करून हाड रचावे आणि जाळीने हळूहळू विरघळून जावे. इंग्रजीत तिला स्कॅफोल्ड म्हणतात. आपण तिला आधारजाळी म्हणू. अमेरिकेतील रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हॅकँटी यांनी १९९३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखानंतर ऊती अभियांत्रिकी ह्या नव्या शाखेकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

जाळीसाठी वापरण्यात येणारे पॉलिमर आपणांस अगदीच अपरिचित नाहीत. शस्त्रक्रियेनंतर काढावे न लागणारे, आपोआप विरघळणारे टाके ह्याच कुळातील असून १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. पॉलिलॅक्टिक आम्ल, पॉलिग्लायकोलिक आम्ल, ह्या दोहोंचे मिश्रण आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन ही त्यांतील प्रमुख नावे होत. शरीरातील पाण्याने त्यांच्या साखळ्या तुटतात. कोणी काही महिन्यांत विरघळते, तर पॉलिकॅप्रोलॅक्टोनला दोन-तीन वर्षे किंवा अधिक काळ लागतो.

येथे हिशेबाचा ताळमेळ फार महत्त्वाचा. जाळी लवकर विरघळली तर अर्धवट हाड कोसळते. ती फार काळ टिकली तर नव्या हाडाची जागा अडवून बसते. जाळीतील छिद्रांचाही हिशेब असतो. रक्तवाहिन्या आत शिरून हाड वाढावे यासाठी ती साधारणतः ३०० मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाच्या आसपास असावीत, असे मानले जाते. छिद्रे वाढवावीत तर ताकद घटते, ताकद वाढवावी तर छिद्रे बुजतात.

खरी अडचण पृष्ठभागाची

आकार साधला, छिद्रे साधली, तरी एक अडचण उरते. हे पॉलिमर पाण्याशी फटकून वागतात. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब जसा गोल होऊन घरंगळतो, तसाच काहीसा प्रकार त्यांच्यावर होतो. अशा पृष्ठभागावर पेशी नीट रुजत नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पेशी जाळीला थेट धरीत नाही. जाळी शरीरात जाताच क्षणार्धात तिच्यावर रक्तातील व ऊतिद्रवातील प्रथिनांचा पातळ थर बसतो. ह्या प्रथिनांवर जणू लहान मुठी असतात आणि पेशी आपल्या हातांनी त्या मुठी पकडते. पाण्याशी फटकून वागणाऱ्या पृष्ठभागावर प्रथिने बसतात खरी, पण वेडीवाकडी दुमडून, मुठी आत लपवून बसतात. मग पेशीस धरावयास काही उरत नाही. जी पेशी चिकटत नाही ती पसरत नाही, वाढत नाही आणि बहुधा मरते. सारांश, जाळीचे आतील द्रव्य कितीही चांगले असले तरी पेशीस ठाऊक असतो तो फक्त तिचा वरचा पापुद्रा. म्हणून आतील द्रव्य न बदलता केवळ तो पापुद्रा बदलण्याच्या क्रियांना पृष्ठसंस्कार म्हणता येईल.

पृष्ठसंस्कारांचे चार मार्ग

पहिला मार्ग क्षाराचा. जाळी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात ठरावीक वेळ बुडवितात. त्यामुळे वरच्या थरातील साखळ्या तुटून पाण्याशी मैत्री करणारे रासायनिक गट उघडे पडतात आणि पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी आधी टाचे मारतो, तसेच हे. पद्धत स्वस्त आहे. परंतु वेळ चुकली तर सोडा आतपर्यंत खाऊन जाळी दुबळी करतो.

दुसरा मार्ग प्लाझ्माचा. येथे प्लाझ्मा म्हणजे रक्तातील द्रव नव्हे, तर विजेने भारलेला वायू. ट्यूबलाइटच्या नळीत जो चमकतो, त्याच जातीचा. ऑक्सिजन, हवा किंवा अमोनिया यांचा प्लाझ्मा जाळीवरून काही सेकंद ते काही मिनिटे फिरविला की केवळ काही नॅनोमीटर जाडीचा थर बदलतो आणि आतील ताकदीस धक्का लागत नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढविण्याच्या प्लास्टिकच्या बश्यांवरही बहुधा असाच संस्कार केलेला असतो. ह्याच्या उणिवा दोन. जाड जाळीच्या गाभ्यापर्यंत प्लाझ्मा समप्रमाणात पोहोचत नाही. तसेच संस्कारित पृष्ठभाग साठवणीत ठेवल्यास दिवसागणिक आपल्या मूळ स्वभावाकडे परतू लागतो. कपाटात वर्षभर ठेवावयाच्या वस्तूसाठी ही गोष्ट गंभीर होय.

तिसरा मार्ग खनिजाच्या लेपाचा. जपानमधील क्योटो विद्यापीठाचे तादाशी कोकुबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तद्रवातील क्षारांशी जुळणारे एक द्रावण तयार केले. त्याची परिचित कृती १९९० साली प्रसिद्ध झाली. योग्य पूर्वसंस्कार केलेली जाळी ह्या द्रावणात शरीराच्या तापमानाला काही दिवस ठेवली की तिच्यावर हाडासारख्या खनिजाचा थर धरू लागतो. हाड घडविणाऱ्या पेशीस हा पृष्ठभाग ओळखीचा वाटतो. मात्र थर जाळीस घट्ट चिकटून राहावा, यासाठी पुष्कळ काळजी घ्यावी लागते.

चौथा मार्ग प्रथिनांचा. पेशी ज्या मुठी पकडते, त्याच जाळीवर बसवावयाच्या. कोलॅजन अथवा जिलेटिनचा लेप हा त्याचा साधा प्रकार. १९८४ साली अमेरिकेतील पियर्शबाकर व रुओस्लाह्ती यांनी दाखवून दिले की, ह्या मुठीचा गाभा आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल अशा अवघ्या तीन घटकांचा असतो. त्यांच्या एकाक्षरी संकेतांवरून त्यास ‘आरजीडी’ म्हणतात. एवढ्या लहान खुणेने पेशी जागा ओळखते, हे कळल्यापासून ही खूण निरनिराळ्या जाळ्यांवर रासायनिक दुव्याने जोडण्याचे प्रयत्न जगभर झाले. अशी खूण कृत्रिमरीत्या बनविणे मात्र खर्चिक असते.

आपल्या जंगलातील कोसा

येथे विषय अनपेक्षितपणे आपल्या दाराशी येतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया ह्या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळल्या जातात. ढिवर समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली असून आरमोरीचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. ह्याच कोशाच्या धाग्यापासून करवतकाठी साडी विणली जाते. शास्त्रीय परिभाषेत ह्या कीटकाचे नाव अँथेरिया मायलिट्टा असे आहे.

रेशमाचा धागाही एक पॉलिमरच, पण निसर्गाने घडविलेला. त्याच्या गाभ्यात फायब्रॉइन नावाचे प्रथिन असते आणि त्याभोवती सेरिसिन ह्या चिकट प्रथिनाचे आवरण असते. कोसे सोड्याच्या पाण्यात उकळण्याचा हेतू हे आवरण काढणे हाच असतो. तुतीवरील रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये वर सांगितलेली आरजीडी खूण नसते. टसरच्या फायब्रॉइनमध्ये ती उपजतच असते. जी मूठ इतरत्र खर्च करून बसवावी लागते, ती आपल्या रानातील कोसा अंगीच घेऊन येतो.

आयआयटी खरगपूर येथे प्रा. सुभाष कुंडू व त्यांच्या सहकाऱ्यांनी टसरच्या ह्या प्रथिनावर दीर्घकाळ संशोधन केले. पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीवर टसरचे फायब्रॉइन जोडले असता हाडाच्या पेशी तीवर अधिक चांगल्या रुजतात, असे तेथील प्रयोगशाळेतील अभ्यासांतून दिसून आले. ह्या मार्गात अडचणीही आहेत. तुतीचे रेशीम लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळते, टसर तितक्या सहजी विरघळत नाही. त्यामुळे संशोधकांना पुष्कळदा पूर्ण वाढलेल्या अळीच्या रेशीमग्रंथीतून प्रथिन काढावे लागते. तसेच साडीचा धागा आणि शरीरात घालावयाचे प्रथिन यांत शुद्धतेचे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आज लगेच कोसा उत्पादकास यातून चार पैसे अधिक मिळतील, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु आपल्या भागातील एका वस्तूची योग्यता नव्या दृष्टीने ओळखली गेली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

आपल्या राज्यातही रेशीम आणि हाड यांची सांगड घालणारे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील पॉलिमर शास्त्रज्ञ डॉ. अनुया निसळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या फायब्रॉइनपासून हाडातील पोकळी भरण्याचे सच्छिद्र साहित्य विकसित करण्याचे काम हाती घेतले. ते पुढे नेण्यासाठी सेरिजेन ही कंपनी तेथूनच उभी राहिली.

प्रयोगशाळेतून रुग्णशय्येपर्यंत

बशीतील पेशी रुजल्या म्हणजे रुग्णाचे हाड भरले, असे नव्हे. पुढील टप्पे प्राण्यांवरील चाचण्या, मान्यता आणि माणसांवरील चाचण्या असे असतात. आपल्या देशात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये शरीरात बसविण्याच्या वस्तू जोखमीनुसार ‘अ’ ते ‘ड’ अशा चार वर्गांत मोडतात आणि त्यांना परवाना लागतो. निर्जंतुकीकरणाचाही प्रश्न असतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजेच आपल्या शस्त्रक्रियागृहातील वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्यास त्याचा गोळा होईल. त्यासाठी वायू किंवा किरणे वापरावी लागतात आणि त्यांनी पृष्ठसंस्कार बिघडणार नाही, हेही तपासावे लागते.

तरीही ही केवळ कल्पना उरलेली नाही. सिंगापूरमध्ये विकसित झालेल्या पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या जाळीस २००६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली आणि कवटीतील छिद्रे बुजविण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. कवटीवर शरीराचा भार नसतो, हे येथे लक्षात घ्यावे. मांडी वा नडगीच्या मोठ्या पोकळीत आणखी एक अडथळा असतो, तो रक्तपुरवठ्याचा. जाळीच्या मधोमध बसलेल्या पेशीपर्यंत रक्तवाहिनी वेळेत पोहोचली नाही, तर उत्तम पृष्ठसंस्कारही तिला वाचवू शकत नाही. सिकलसेलच्या रुग्णात मूळ आजारच रक्तपुरवठ्याचा असल्याने ही मर्यादा अधिक जाणवते. अशा रुग्णाचे दुखणे लवकर ध्यानात आल्यास हाडास छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडू शकते. उशीर झाल्यास बहुधा खुबा बदलावा लागतो.

रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी

‘कृत्रिम हाड’ किंवा ‘मूळपेशींचे हाड’ असे सांगून कोणी मोठी रक्कम मागितल्यास पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्यात.

१. ह्या वस्तूचे नेमके नाव काय आणि तिला भारतात परवाना आहे काय?
२. हा नेहमीचा उपचार आहे की संशोधनाचा भाग? संशोधन असल्यास नैतिक समितीची मान्यता आणि आमच्या भाषेतील संमतिपत्र कोठे आहे? चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असल्यास सावध व्हावे.
३. रुग्णाचे स्वतःचे हाड वापरणे शक्य आहे काय? नसल्यास का नाही?
४. वस्तूचे वेष्टन, क्रमांक व पावती आम्हांस मिळेल काय?

हे प्रश्न विचारल्याने कोणत्याही सज्जन डॉक्टरांचा अवमान होत नाही. आमच्याही रुग्णालयात ते अवश्य विचारावेत.

त्याबरोबरच काही साध्या गोष्टी हाड वाचवितात. उघड्या जखमेसह हाड मोडल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. बांबूच्या कांबींनी हातपाय करकचून बांधू नये, कारण त्याने रक्तपुरवठा तुटून अवयव गमवावा लागतो. हाड जुळेपर्यंत तरी खर्रा, विडी व सिगारेट वर्ज्य करावी. तंबाखूने हाड सांधण्यास विलंब लागतो. सिकलसेलच्या रुग्णाने खुब्यातील किंवा मांडीतील दुखणे अंगावर काढू नये.

देणगीदारांसाठी

आधारजाळी रुग्णालयात बनविण्यासाठी आम्ही आज देणगी मागत नाही. ते काम प्रयोगशाळांचे व परवानाधारक उत्पादकांचे आहे. आपली देणगी त्याच्या आधीच्या पायऱ्यांसाठी हवी आहे. जखम पहिल्या काही तासांत धुऊन काढण्याची व्यवस्था, क्ष-किरण तपासणी, सिकलसेलची चाचणी, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला जाणाऱ्या गरीब रुग्णाचे भाडे आणि परतल्यावरचा व्यायामोपचार, ह्या त्या पायऱ्या होत. वाचविलेले हाड हे घडविलेल्या हाडापेक्षा नेहमीच स्वस्त व भक्कम असते, असे आमचे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात आणि जमाखर्चाच्या वहीतही तेच दिसते.

उद्या सिद्ध व परवानाप्राप्त आधारजाळी परवडणाऱ्या दरात उपलब्ध झाली, तर तिचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे रीतसर ठेवला जाईल. तोवर ह्या विषयाची खरी माहिती आपणांपर्यंत पोहोचविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.